मनिला ते बावांग: पहाऱ्यात लिहिणाऱ्यांच्या गावी

फिलिपिन्सला चाललो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "बोराकाय की पालावान?" आम्ही समुद्रकिनारे यावेळी बाजूला ठेवले. मला आणि आत्याला बघायची होती ती लिहिणाऱ्यांची मनिला. या देशात तीस वर्षांच्या अंतराने दोनदा लेखणीवर पहारा बसला. १९४२ ते ४५ जपानी लष्कराचा, आणि १९७२पासून अध्यक्ष फर्दिनांद मार्कोस यांच्या मार्शल लॉचा. त्या दोन्ही काळांत ज्यांनी लिहिलं त्यांचे रस्ते, तुरुंग, पुस्तकांची दुकानं, जमलं तर गावं बघायची, एवढाच बेत होता.

आत्या निवृत्त ग्रंथपाल. १९७५ साली, आणीबाणीत, ती कराडला कॉलेजात होती. साहित्य संमेलनाच्या मंडपात दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना उभं राहून प्रार्थना करायला लावली, तेव्हा ती मागच्या रांगेत उभी राहिली होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्रीच, समोर बसलेले. ही आठवण तिने मला लहानपणापासून इतक्यांदा सांगितली आहे की मनिलाला जाऊ या का, असं विचारल्यावर तिने कारण विचारलंच नाही.

रविवार: सप्टेंबरातला नाताळ

मुंबईहून सिंगापूरमार्गे मनिलाला दुपारी पोचलो. विमानतळाबाहेर पाऊस असा की समोरची गाडी दिसेना. गाडीत बसलो तर रेडिओवर नाताळची गाणी! आत्याने माझ्याकडे बघितलं. चालक हसून म्हणाला, सप्टेंबर लागला की आमचा नाताळ सुरू, पुढचे चार महिने तुम्हाला होसे मारी चान हा गायक ऐकावाच लागणार. रस्त्यावरच्या मॉलवर चांदण्यांच्या माळा, आणि खाली गुडघाभर पाण्यातून वाट काढणारी जीपनी, म्हणजे इथली जीपच्या धर्तीची प्रवासी गाडी.

हा चालक पंचविशीचा. आम्ही कशासाठी आलोय ते ऐकल्यावर म्हणाला, "माझी आजी सांगते, त्या काळी रस्ते चांगले होते, शिस्त होती." त्याच्या बोलण्यात वाद नव्हता, घरात ऐकलेलं तो सांगत होता. आज देशाचे अध्यक्ष मार्कोस यांचे चिरंजीव आहेत, २०२२च्या निवडणुकीत मोठ्या मताधिक्याने निवडून आलेले. पुढचे सगळे दिवस जे बघितलं त्याच्या शेजारी मला या मुलाचं वाक्य ठेवून बघावं लागलं.

निघण्यापूर्वीचं थोडं: भारतीयांसाठी व्हिसाचे नियम अलीकडे सैल झाले आहेत, पण ते बदलतात, म्हणून दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा बघाच. विमानात बसण्याआधी 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी करून तो कोड फोनमध्ये ठेवावा लागतो. सप्टेंबर हा वादळांचा महिना. कोरडी हवा हवी असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी गाठा.

सोमवार: इंत्रामुरोस

सकाळी हॉटेलखालून "ताहोऽऽ" अशी लांबलचक हाळी आली. खांद्यावर काठी, काठीच्या दोन टोकांना पत्र्याचे डबे. एका डब्यात सोयाबीनच्या दुधाचं मऊसूत, गरम दही म्हणावं असं काहीतरी. त्यावर गुळाच्या पाकासारखा पाक आणि साबुदाण्याचे मोठे मोती. आत्या शाकाहारी. मनिलात शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं, कारण भाजीतसुद्धा सुकटीची किंवा खारवलेल्या माशाची चव असतेच. पण ताहो तिला पावला. रोज सकाळी ती हाळीची वाट बघत खाली जाऊन उभी राहायची. दुपारी तुरोन, म्हणजे केळं आणि फणसाचा गरा गुंडाळून साखरेत तळलेला रोल. शाकाहारी मंडळींनी हे दोन लक्षात ठेवा.

इंत्रामुरोस म्हणजे स्पॅनिश लोकांनी बांधलेलं तटबंदीतलं जुनं मनिला. फेब्रुवारी १९४५मध्ये अमेरिकन सैन्य आणि जपानी सैन्य यांच्यात महिनाभर चाललेल्या लढाईत ते जवळजवळ भुईसपाट झालं. आत सात चर्च होती, त्यांतलं सान अगुस्तीन तेवढं उभं राहिलं. त्या एका महिन्यात मनिलात सुमारे १,००,००० नागरिक मेले. त्यांचं स्मारक एका छोट्या चौकात आहे, प्लाझुएला दे सांता इसाबेलमध्ये. डोक्यावरून पदर घेतल्यासारखी वस्त्र ओढलेली बाई, मांडीवर मेलेलं मूल, भोवती पडलेली माणसं. खालचा मजकूर लेखक निक होआकिन यांनी लिहिलेला आहे. ज्यांना स्वतःची कबरही मिळाली नाही अशांसाठी हा दगड आहे, असा त्याचा आशय. आत्या तो सबंध वाचेपर्यंत भर पावसात छत्री धरून उभी होती.

होआकिन यांचं 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज फिलिपिनो' हे नाटक मी सोबत आणलं होतं. ते घडतं याच गल्ल्यांत, ऑक्टोबर १९४१मध्ये, म्हणजे युद्ध दारात आलेलं असताना. म्हाताऱ्या चित्रकाराच्या दोन मुली, कान्दिदा आणि पाऊला, गळकं घर आणि बापाचं शेवटचं चित्र विकायचं नाही म्हणून अडून बसतात. गोष्ट सांगणारा बितोय मात्र युद्धानंतरच्या पडक्या भिंतींत उभा राहून बोलतो. आम्ही त्या पानांसह तटबंदीवर बसलो, तर खाली गोल्फचं मैदान! जुना खंदक बुजवून तिथे हिरवळ केली आहे. मला ते खटकलं.

तिथून फोर्ट सांतियागो. सगळे तिथे जातात ते देशाचे राष्ट्रपुरुष, लेखक होसे रिझाल यांच्यासाठी. डिसेंबर १८९६मध्ये गोळ्या घालण्यापूर्वी त्यांना इथे ठेवलं होतं, आणि शेवटची कविता स्पिरिटच्या लहान शेगडीत लपवून त्यांनी बाहेर पाठवली. कोठडीपासून वधस्थळाकडे जाणारी त्यांची पावलं पितळेत ओतून वाटेवर बसवली आहेत. शाळेच्या सहली त्या पावलांवर पाय ठेवत चालतात. मला मात्र जायचं होतं नदीकाठच्या तळघरांकडे. मुळात ही दारूगोळा ठेवायची जागा, जपान्यांनी तिचा तुरुंग केला. युद्ध संपलं तेव्हा एका कोठडीत सुमारे ६०० माणसांची प्रेतं सापडली. त्यांना एकत्र पुरलं, वर पांढरा क्रूस आहे.

मानुएल अर्गिल्या या कथालेखकालाही जपान्यांनी याच किल्ल्यात कोंडलं होतं. दिवसा जपान्यांच्या प्रचारखात्यात नोकरी, आणि आतून जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांसाठी हेरगिरी. १९४४ साली पकडले गेले आणि मारले गेले. वय ३३. त्यांच्या गावाला जायचं बुधवारी ठरलं होतं, म्हणून इथे फार बोललो नाही.

किल्ल्यातच पडक्या बराकींच्या भिंतींमध्ये एक उघडं नाट्यगृह आहे, राजा सुलेमान नावाचं. १९६७मध्ये स्थापन झालेल्या पेटा या नाट्यसंस्थेने मार्शल लॉच्या वर्षांत इथे नाटकं केली. आधीच्या हुकूमतीच्या तुरुंगात पुढच्या हुकूमतीविरुद्धची नाटकं! तळघरापासून रंगमंचापर्यंत चालत दोन-तीन मिनिटं लागतात. माझ्या लेखी सबंध मनिलातली ही सगळ्यात मोलाची वाट आहे, आणि ती दाखवणारी एकही पाटी मला दिसली नाही.

इंत्रामुरोस चालतच बघा. बांबूच्या सायकली भाड्याने मिळतात, पण पावसात दगडी फरसबंदीवर चाक घसरतं. घोडागाडीवाला बोलवेल, तर चढण्याआधी भाडं ठरवून घ्या.

मंगळवार: पाद्रे फाउरा रस्ता

एर्मितामध्ये पाद्रे फाउरा रस्त्यावर सोलिदारिदाद नावाचं पुस्तकांचं दुकान आहे. कादंबरीकार फ्रान्सिस्को सिओनिल होसे यांनी १९६५मध्ये काढलेलं. २०२२मध्ये ते वारले, तोपर्यंत त्यांना भेटायला लोक इथेच येत. दुकान अरुंद आणि उंच, फिलिपिनो पुस्तकांनी छतापर्यंत भरलेलं. आत्या ग्रंथपालाच्या नजरेने आधी मांडणी बघत फिरली आणि मान डोलावली. होसे यांची 'मास' ही कादंबरी मार्शल लॉच्या काळात देशात छापायला कुणी धजेना, म्हणून ती आधी डच भाषेत आली. ती हातात घेऊन मी उभी होते, तेवढ्यात शेजारच्या बाईंनी विचारलं, "इंडिया?"

या बाई निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर शाळेत फिलिपिनो भाषा शिकवलेली. आत्याच्याच वयाच्या. दोघींचं इतकं जमलं की आम्ही वरच्या मजल्यावर खुर्च्या मागून घेतल्या. जपानी काळाबद्दल जे मी पुस्तकांत तुकड्या-तुकड्यांनी वाचलं होतं ते त्यांनी सलग सांगितलं.

जपानी आले तेव्हा इंग्रजीत लिहिणं हेच फिलिपिनो लेखकाचं मोठेपण मानलं जात होतं. अमेरिकन राज्याची चाळीस वर्षं झाली होती. जपान्यांना अमेरिकेची सावली पुसायची होती. त्यांनी १९४२मध्ये तागालोग (मनिलाकडची स्थानिक भाषा, आजच्या फिलिपिनोचा पाया) आणि जपानी या अधिकृत भाषा ठरवल्या, शाळेच्या पुस्तकांतले अमेरिकेचे उल्लेख झाकले, आणि 'लिवायवाय' हे लोकप्रिय तागालोग साप्ताहिक आपल्या वृत्तपत्र कंपनीच्या ताब्यात घेतलं. दर मजकूर सेन्सॉरपुढून जायचा. पण छापायला जागा तेवढीच उरल्यामुळे इंग्रजीत लिहिणारेही तागालोगकडे वळले. १९४३मधल्या कथांतून पंचवीस उत्तम कथा निवडल्या गेल्या. पहिली आली नार्सिसो रेयेस यांची 'लुपांग तिनुबुआन', म्हणजे जन्मभूमी. दुसरी लिवायवाय आर्सेओ यांची 'उहाव आंग तिगांग ना लुपा', तिसरी एन. व्ही. एम. गोन्झालेस यांची. आर्सेओ तेव्हा विशीच्या आतबाहेर होत्या.

"आमच्या पुस्तकांत याला तागालोगचा सुवर्णकाळ म्हणतात," बाई म्हणाल्या. "मी वर्गात हे वाक्य कधी शिकवलं नाही."

का नाही, ते त्यांनी कथा सांगूनच दाखवलं. रेयेस यांच्या कथेत शहरात वाढलेला दांदिंग नातेवाइकाच्या अंत्यविधीसाठी वडिलांच्या गावी जातो, आणि वडील जिथे जन्मले ते घर, ती माती बघून त्याच्या आत काहीतरी हलतं. कुठे बंदूक नाही, जपान्याचं नाव नाही. आर्सेओ यांच्या कथेत एक मुलगी आईबापांच्या संसारातलं न बोललेलं दुःख हळूहळू ओळखते. तिथेही युद्ध नाही. तांदूळ मिळत नव्हता, नव्या नोटांना लोक 'मिकी माउसचे पैसे' म्हणत होते, माणसं रात्रीत नाहीशी होत होती, आणि कथेत गाव आहे, आई आहे, माती आहे. "जे लिहिता येत नव्हतं ते वाचणाऱ्याला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून जन्मभूमी हा शब्द छापून आला की पुरत होतं."

त्याच काळात जपानी हायकूच्या बरोबरीने जुना तानागा हा छंद पुन्हा लिहिला जाऊ लागला. चार ओळी, दर ओळीत सात अक्षरं, शेवटी यमक. इल्देफोन्सो सांतोस यांचा भातावरचा तानागा फिलिपिन्समधल्या मुलांना शाळेत पाठ असतो. बाईंनी डोळे मिटून तो म्हटला, उजव्या हाताची बोटं मांडीवर सातपर्यंत मोजत. भात शहाणं आहे, वारा आला तेव्हा वाकलं, पण पुन्हा उभं राहिलं आणि सोन्याच्या लोंब्या धरल्या. आत्या म्हणाली, "पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटला. दुसऱ्यांदा आत्याची बोटंही चालत होती.

दुपारी तिघी मिळून जवळच्या खाणावळीत गेलो. बाईंनी आत्यासाठी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं की मासा नको, कोळंबीची चटणी नको, काहीच नको. वांगं भाजून, वर कच्चा टोमॅटो, कांदा आणि व्हिनेगर घालून आलं. आमच्या भरताचा सख्खा भाऊ. बाईंच्या नातीने निघताना आत्याचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना असा नमस्कार करायची इथली रीत. आत्याला काही सुचेना, तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी पाऊस थांबला तसे रोहास बुलवारवर चालत गेलो. समुद्रासमोरच्या रामोन मॅगसेसे केंद्राची इमारत बाहेरूनच बघितली. विनोबांना १९५८मध्ये, चिंतामणराव देशमुखांना १९५९मध्ये, बाबा आमटेंना १९८५मध्ये मिळालेला पुरस्कार तो हाच. सिओनिल होसे यांना १९८०मध्ये मिळाला, आणि १९९३मध्ये बिएनवेनिदो लुम्बेरा यांना. लुम्बेरा कवी आणि समीक्षक, मार्शल लॉमध्ये १९७४चं जवळजवळ सबंध वर्ष तुरुंगात होते.

बुधवार-गुरुवार: बावांग, ला उनियोन

क्युबाओच्या बसतळावरून पहाटेची बस धरली. रस्ता चांगला, सहा तासांत ला उनियोन प्रांत. तरुण मुलं इथे सान हुआनला लाटांवर फळी घेऊन खेळायला येतात. आम्ही त्याच्या अलीकडे, बावांगला उतरलो. अर्गिल्या यांचा जन्म या गावातल्या नाग्रेब्कान वस्तीतला, १९११चा.

'हाऊ माय ब्रदर लिओन ब्रॉट होम अ वाइफ' ही त्यांची कथा इंग्रजीत, पण तिच्यात माती इलोकानो, म्हणजे या भागातल्या लोकांची. मोठा भाऊ लिओन शहरातून मारिया नावाची बायको घेऊन येतो. धाकटा बाल्दो बैलगाडी घेऊन फाट्यावर आणायला गेलेला. वडिलांनी बजावलेलं असतं की मोठ्या रस्त्याने आणू नकोस, शेतातून, वाइगच्या कोरड्या पात्रातून आण. बैलाचं नाव लाबांग. शहरातली मुलगी दगडगोट्यांच्या वाटेने, अंधारात, कुरकुर न करता येते का, हे वडिलांना बघायचं असतं. ही कथा ज्यात आहे तो संग्रह १९४०मध्ये राष्ट्रकुल साहित्य स्पर्धेत पहिलं आलं. चार वर्षांनी लेखक नव्हता.

आम्ही तीनचाकी ट्रायसिकलवाल्याला वस्तीचं नाव सांगितलं. त्याने शाळेत कथा वाचलेली होती! म्हणाला, बैलगाडी आता मिळणार नाही, पण वाट दाखवतो. पावसाने सगळीकडे भात पोटरीला आलेलं, लांब डोंगर, ढग त्यांच्या खांद्यापर्यंत उतरलेले. एका ओढ्याशी गाडी थांबवून तो म्हणाला की पाणी नसेल तेव्हा माणसं अजून या पात्रातून येतात-जातात. हाच तो कथेतला ओढा असं मी म्हणणार नाही, त्यानेही म्हटलं नाही. पण पाण्याखाली गोटे दिसत होते, आणि मला बाल्दोची भीती समजली: बायको गाडीतून उतरली तर, परत गेली तर.

अर्गिल्या यांच्याबद्दल एक गोष्ट मनातून जात नाही. इंग्रजीत नाव झालेला माणूस, प्रचारखात्यात खुर्ची. गप्प बसून युद्ध काढता आलं असतं. अनेकांनी काढलं, आणि त्यांना दोष देणं सोपं नाही. या माणसाने मात्र ज्यांच्या गोष्टी लिहिल्या त्यांच्या बाजूने जीव घातला. त्यांच्यासारख्या कितीजणांची पुढची पुस्तकं लिहायची राहूनच गेली, हे सुवर्णकाळ म्हणताना मोजलं जात नाही. बाईंचं म्हणणं मला इथे, या ओढ्याशी पटलं.

बावांगला द्राक्षांचे मळे आहेत. नाशिककडच्या माणसाला त्याचं अप्रूप वाटायचं कारण नाही, पण उष्ण दमट हवेत, समुद्राच्या इतक्या जवळ द्राक्ष बघून आत्याने मळेवाल्या काकूंना दहा प्रश्न विचारले. मुक्काम किनाऱ्यावरच्या एका साध्या लॉजमध्ये केला. रात्री वादळाच्या सूचनेचा भोंगा फोनवर वाजला, सगळेच दचकले, मग मालकीणबाई मेणबत्त्या घेऊन आल्या आणि पत्ते मांडून बसल्या. सकाळपर्यंत वादळ उत्तरेकडे सरकलं होतं. परतीची बस मात्र तीन तास उशिरा सुटली. या महिन्यात प्रांतात जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी जाऊ नका. मध्ये एक दिवस मोकळा ठेवा.

शुक्रवार: काळा दगड

केसोन सिटीत, एद्सा रस्त्याजवळ, बांतायोग नांग मांगा बायानी हे मार्शल लॉविरुद्ध लढलेल्यांचं स्मारक आहे. शिक्षिकाबाई आमच्यासाठी मुद्दाम आल्या. २१ सप्टेंबर जवळ आलेला, म्हणून कॉलेजची मुलं तयारीला लागली होती. १९७२मध्ये त्या तारखेची सही असलेला हुकूम २३ तारखेला टीव्हीवरून जाहीर झाला. तोवर वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सगळं सरकारने ताब्यात घेतलेलं होतं. मार्शल लॉ कागदावर उठला तो १९८१मध्ये, मार्कोस सत्तेवरून गेले ते फेब्रुवारी १९८६मध्ये.

काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर नावं. बाईंनी दोन नावांवर हात ठेवला. लोरेना बारोस, कवयित्री, मार्च १९७६मध्ये मारली गेली. एमान लाकाबा, कवी, तोही त्याच महिन्यात, दावाओकडच्या डोंगरात. दोघंही शहरात शिकलेली, पुढे भूमिगत होऊन बंडखोरांत गेलेली. हत्यार घ्यावं की नाही यावर माझं आणि आत्याचं तिथेच मतभेद झाले. आत्या म्हणाली, कवीने बंदूक घेतली की कविता मागे पडते. बाई ऐकत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे आणीबाणी किती दिवस होती?" एकवीस महिने, आत्या म्हणाली. बाईंनी मान हलवली आणि पुढे चालू लागल्या.

एमान यांचा मोठा भाऊ होसे लाकाबा, सगळे त्यांना पीट म्हणतात. पत्रकार आणि कवी. १९७३ साली 'फोकस' या सरकारच्या मर्जीतल्या साप्ताहिकात एक इंग्रजी कविता आली, प्रोमेथिअसवर. कवीचं नाव रुबेन कुएव्हास. ग्रीक पुराणातली गोष्ट, कुणाला आक्षेप असायचं कारण नाही. बाईंनी वहीतून स्वतः उतरवून ठेवलेली प्रत काढली आणि माझं बोट धरून पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर ठेवलं. "खाली चल." एम, ए, आर, सी, ओ, एस. बोट खाली सरकत गेलं: हिटलर. दिक्तादोर. तुता. शेवटचा शब्द म्हणजे दुसऱ्याच्या तालावर शेपूट हलवणारं कुत्र्याचं पिल्लू. १९७०च्या मोर्च्यांत रस्त्यावर दिली जाणारी ही घोषणा, मोर्चे बंद झाल्यावर सरकारी मर्जीच्या साप्ताहिकात उभी छापून आली होती! लक्षात आलं तेव्हा अंक मागे घ्यायची धावपळ झाली, पण तोवर लोकांनी ते पान हातोहात नेलेलं होतं. बाईंनी ती कविता कॉलेजच्या जिन्यात उतरवून घेतली. वहीचा कागद तपकिरी झालाय, शाई निळीच आहे.

रुबेन कुएव्हास म्हणजे लाकाबाच होते. १९७४मध्ये त्यांना पकडलं, हाल केले. दोन वर्षांनी सरकारने निक होआकिन यांना 'राष्ट्रीय कलावंत' हा सर्वोच्च मान देऊ केला. होआकिन आणि लाकाबा जुने सहकारी. होआकिन यांनी अट घातली: लाकाबाला सोडा, तर घेतो. लाकाबा सुटले. आत्याला हे माहीत नव्हतं. ती भिंतीजवळच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "दुर्गाबाईंना हे आवडलं असतं." मला मात्र इतकी खात्री नाही. दुर्गाबाईंनी अशा सरकारचा मान कुठल्याच अटीवर घेतला नसता असं मला वाटतं. पण एक माणूस तुरुंगातून बाहेर आला, हेही खरं. त्यावर परतीच्या प्रवासात आमचं खूप बोलणं झालं.

आत संग्रहालय आहे, कोठडीची प्रतिकृती आहे. कॉलेजच्या मुलांतली एक लुआल्हाती बाउतिस्ता यांची 'देकादा ७०' वाचत होती. पाच मुलगे असलेल्या एका साध्या गृहिणीच्या डोळ्यांसमोर मार्शल लॉचं दशक घरात शिरतं, अशी ती कादंबरी. १९८३मध्ये तिला पालांका पुरस्कार मिळाला, मार्कोस सत्तेवर असतानाच. मी त्या मुलीला रविवारच्या चालकाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, तिचे काकाही तसंच म्हणतात, आणि तिने त्यांना हेच पुस्तक दिलं. वाचलं का? "आईने वाचलं," ती म्हणाली.

बाईंनी आणखी एक सांगितलं. ऑगस्ट २०२२मध्ये देशाच्या भाषा आयोगाने पाच पुस्तकांवर सरकारविरोधी म्हणून बोट ठेवलं आणि ती वाटू नयेत असं पत्रक काढलं. लेखकांनी, शिक्षकांनी गलका केला. "माझ्याकडे त्यांतली तीन होती. उरलेली दोन मी त्या आठवड्यात विकत घेतली."

संग्रहालयाच्या वेळा बदलतात आणि शनिवार-रविवारी बंद असण्याची शक्यता धरा. आधी विचारून जा. एलआरटी-एमआरटी या शहरी रेल्वेंसाठी 'बीप' कार्ड पहिल्याच दिवशी काढा, सुट्या पैशांचा त्रास वाचतो. जीपनीत चालकापर्यंत पैसे प्रवाशांच्या हातांतून पुढे जातात. तुमच्या हातात आले तर पुढच्याला द्या.

शनिवार: बिनोन्दो आणि परतीचं सामान

विमान रात्रीचं, म्हणून सकाळी बिनोन्दोच्या चिनी बाजारात गेलो. आत्याला इथे पोटभर मिळालं, ताज्या लुम्पियात नुसत्या भाज्या आणि वर शेंगदाण्याचा कूट. तिने दोन खाऊन तिसरा बांधून घेतला.

पुस्तकांचं वजन ही खरी अडचण. मनिलातल्या पोस्टातून भारतात पाठवण्यापेक्षा विमान कंपनीचं जास्तीचं वजन आधीच ऑनलाइन घेणं स्वस्त पडलं. फिलिपिनो येत नसेल तरी होआकिन यांच्या कथा आणि नाटक, अर्गिल्या यांच्या कथा, सिओनिल होसे यांच्या रोसालेस कादंबऱ्या, निनोच्का रोस्का यांची 'स्टेट ऑफ वॉर' ही सगळी मुळात इंग्रजीतच आहेत. होआकिन भारतातही मागवता येतात, बाकीची तिथूनच आणा. आमादो हेर्नान्देस यांच्या तुरुंगातल्या कविता मात्र फिलिपिनोत आहेत. १९५१पासून पाच वर्षं ते कैदेत होते, मार्कोस यांच्याही कितीतरी आधी. मुन्तिनलुपाच्या ज्या तुरुंगात त्या लिहिल्या, तिथपर्यंत यावेळी जाणं झालं नाही. बाईंनी त्या कवितांची एक प्रत आत्याला दिली आहे, ओळींच्या वर पेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहून. अर्ध्या पुस्तकापर्यंत अर्थ लिहिलेत. उरलेले त्या दर आठवड्याला फोनवरून सांगतात, आणि आत्या मराठीत उतरवून घेते.